कुत्र्याचा कॅन्सर कुत्र्याला लागतो, तो कसा?

११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातले भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितले. २२ ऑगस्टला तो आदेश बदलला: नसबंदी करा, लस टोचा आणि रेबीजची लागण झालेले किंवा आक्रमक कुत्रे वगळता बाकीचे जिथून उचलले तिथेच सोडा. तेव्हापासून कुत्रा हा विषय गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुक्कामाला आला आहे. दिल्लीचा आदेश, पण वाद रंगतो कोकणातल्या मिरकरवाड्यात आणि हर्णैला.

या वादात एक फोटो कधी ना कधी येतोच. बंदरावरचा किंवा एसटी स्टँडवरचा कुत्रा, आणि त्याच्या शेपटीखाली किंवा लिंगावर लालभडक, खडबडीत, रक्त ठिबकणारी गाठ. एक जण लिहितो, पिसाळलाय. दुसरा लिहितो, लूत आहे. तिसरा अगदी गंभीरपणे लिहितो, "कॅन्सर आहे, साथीचा आहे, पोरांना लांब ठेवा." गंमत अशी की निदान बहुधा तिसऱ्याचंच बरोबर असतं. तो कॅन्सर असतो आणि तो खरंच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातो. पोरांचा मात्र त्याच्याशी काही संबंध नाही.

पशुवैद्य या गाठीला टीव्हीटी म्हणतात. समागमातून पसरणारी गाठ एवढाच त्याचा अर्थ. कुत्र्यांचा भाद्रपद आपल्याला सांगायला नको. संसर्ग झाल्यावर गाठ दिसायला साधारण दोन ते सहा महिने लागतात, म्हणजे भाद्रपदात लागलेली गाठ दिवाळीपासून शिमग्यापर्यंत केव्हाही डोळ्यांना दिसू लागते. त्या दिवसांत असे फोटो जास्त फिरले तर नवल नाही.

कॅन्सर म्हणजे मुळात काय

शरीर पेशींचं बनलेलं असतं. पेशी गरजेपुरत्या वाढतात, विभागतात, जुन्या झाल्या की मरतात. हे कधी करायचं याच्या सूचना प्रत्येक पेशीतल्या डीएनएमध्ये असतात. त्या सूचनांत बिघाड साचत गेले की एखादी पेशी थांबायचं विसरते आणि नुसती वाढत सुटते. त्या वाढीतून गाठ होते. गाठ आजूबाजूच्या भागात घुसू लागली किंवा रक्तातून दुसरीकडे जाऊन रुजली, तर तो कॅन्सर.

यात एक गोष्ट गृहीत असते. कॅन्सर ज्याचा त्याचा असतो, त्याच्याच पेशींचा, आणि तो माणूस किंवा प्राणी गेला की त्याच्याबरोबर संपतो. "पण गर्भाशयमुखाचा कॅन्सर विषाणूमुळे होतो ना?" असं कोणी विचारेल. होतो, पण तिथे एकाकडून दुसऱ्याकडे जातो तो विषाणू. बिघडतात त्या नव्या माणसाच्या स्वतःच्या पेशी. मांजरांतही असा एक विषाणू आहे, ल्युकेमियाचा. विल्यम जॅरेट यांना तो १९६४ मध्ये ग्लासगोत सापडला. तिथेही बिघडतात त्या त्या मांजराच्याच पेशी.

टीव्हीटीत हे गणितच वेगळं आहे.

गाठ त्या कुत्र्याची नसतेच

हापूसचं कलम बांधलेल्या माणसाला हे चटकन कळेल. रायवळ कोय रुजवून खुंट करायचा आणि त्यावर हापूसची काडी बांधायची. मुळं रायवळाची, फांद्या हापूसच्या. देवगडच्या आणि रत्नागिरीच्या बागेतल्या फांद्या तपासल्या तर त्या एकमेकींच्या सख्ख्या निघतील, पण आपापल्या खुंटाशी त्यांचं तसं नातं नसेल. टीव्हीटीत कुत्रा हा खुंट आणि गाठ ही काडी. समागमाच्या वेळी आजारी कुत्र्याच्या गाठीतल्या जिवंत पेशी सुटतात, दुसऱ्याच्या नाजूक त्वचेवर बसतात आणि तिथेच वाढू लागतात. विषाणू नाही, जंतू नाही. पसरते ती कॅन्सरची पेशीच.

याचा पहिला पुरावा जुना आहे. मस्तिस्लाव नोविन्स्की या रशियन पशुवैद्याने १८७६ मध्ये एका कुत्र्याच्या गाठीचे तुकडे दुसऱ्या कुत्र्यांत रुजवून दाखवले. तरीही मागे कुठला तरी विषाणू असेल ही शंका पुढे शंभरावर वर्षं राहिली. ती २००६ मध्ये मिटली. लंडनच्या क्लॉडिया मुर्जिया, रॉबिन वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटली, केनिया, भारत अशा लांबलांबच्या देशांतल्या कुत्र्यांच्या गाठी घेतल्या आणि त्यांचा डीएनए त्याच कुत्र्यांच्या रक्ताशी ताडून पाहिला. गाठीचा डीएनए स्वतःच्या कुत्र्याशी जुळला नाही. हजारो किलोमीटर दूरच्या गाठींशी मात्र जुळला.

म्हणजे जगातल्या या सगळ्या गाठी एकाच कुत्र्याच्या शरीरात सुरू झाल्या. तो कुत्रा कधीच मेला, त्याच्या पेशी मात्र अजून जिवंत आहेत. २०१९ मध्ये केंब्रिजच्या एलिझाबेथ मर्चिसन यांच्या गटाने ४३ देशांतल्या ५४६ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार हा मूळ कुत्रा ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी आशियात होऊन गेला. हडप्पाची नगरं भरात होती तेव्हा किंवा त्याच्याही कितीतरी आधी. तिथून ही गाठ युरोपात गेली आणि सुमारे ५०० वर्षांपूर्वी दर्यावर्दींच्या जहाजांवरच्या कुत्र्यांबरोबर अमेरिकेत पोचली. इतकी जुनी सस्तन प्राण्याची पेशी-परंपरा दुसरी कुठलीही माहीत नाही.

एवढ्या काळात तिच्या डीएनएत बिघाडांचा डोंगर साचला आहे. माणसाच्या बहुतेक कॅन्सरमध्ये काही हजार बिघाड सापडतात, इथे लाखोंनी. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात. या गाठीत ती तुटून, एकमेकांना चिकटून ६० च्या आसपास उरली आहेत. तरी गाठ मजेत जगते आहे. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका जुन्या होऊन खराब झाल्या, तेव्हा तिने राहत्या कुत्र्याच्याच तंतुकणिका उचलल्या, आणि हे निदान पाच वेळा घडलं आहे. चोरी म्हणावी इतकं सरळ.

शरीर तिला हाकलून का देत नाही

परक्याचं मूत्रपिंड बसवलं तर शरीर ते नाकारतं. म्हणून रुग्णाला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. मग परक्या कुत्र्याची गाठ कशी खपते?

आपली पेशी आणि परकी पेशी यांतला फरक प्रतिकारशक्तीला पेशीच्या पृष्ठभागावरच्या काही प्रथिनांवरून कळतो. टीव्हीटीच्या पेशी सुरुवातीला ही प्रथिनं जवळजवळ दाखवतच नाहीत, शिवाय आसपासच्या संरक्षक पेशींना थंड करणारी द्रव्यं सोडतात. काही महिन्यांनी मात्र ही लपवाछपवी सुटू लागते. धडधाकट कुत्र्यांत बऱ्याचदा प्रतिकारशक्ती जागी होते आणि गाठ आपोआप ओसरते. अशा कुत्र्याला ती पुन्हा सहसा लागतही नाही. उपाशी, गोचिडांनी पोखरलेल्या किंवा अगदी कोवळ्या कुत्र्यात ती वाढत राहते.

"आमच्या वाडीतल्या कुत्र्याची गाठ अंगारा लावून गेली" या गोष्टीचं मूळ माझ्या मते इथे आहे. गाठ खरोखरच गेलेली असते.

माणसाला लागेल का? आणि तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) काय?

माणसाला लागत नाही. गाठीच्या पेशी कुत्र्याच्या आहेत आणि कुत्रा व त्याच्या अगदी जवळचे भाऊबंद सोडून दुसऱ्या जातीच्या शरीरात त्या रुजत नाहीत. मांजरालाही नाही, गुरांनाही नाही. असा कुत्रा अंगणात आला, त्याचं रक्त पायरीवर सांडलं, तर पायरी धुवा, एवढंच. त्याचा पिसाळण्याशीही संबंध नाही. पण चावला तर तो इतर कुठल्याही कुत्र्यासारखाच: जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची.

निसर्गात असे संसर्गी कॅन्सर मोजकेच आहेत. टास्मानियन डेव्हिल या ऑस्ट्रेलियातल्या प्राण्यांत एकमेकांना चावण्यातून तोंडाचा कॅन्सर पसरतो. तो १९९६ मध्ये पहिल्यांदा लक्षात आला. आणि किनाऱ्यावरच्या लोकांचे कान टवकारतील अशी तिसरी जात म्हणजे शिंपल्या. अमेरिका आणि युरोपच्या किनाऱ्यांवरच्या काही शिंपल्यांत आणि कालवांच्या नातेवाइकांत समुद्राच्या पाण्यातून पसरणारा, रक्ताच्या कॅन्सरसारखा आजार २०१५ आणि २०१६ मध्ये सिद्ध झाला. लगेच तिसऱ्यांचं सुकं टाकून द्यायला जाऊ नका. शिंपल्याची पेशी माणसात रुजत नाही, आणि शिजल्यावर ती जिवंतही राहत नाही.

इलाज अंगणातल्या झाडातून आला

टीव्हीटी हा कुत्र्याच्या सर्वात सहज बऱ्या होणाऱ्या कॅन्सरपैकी एक आहे. औषधाचं नाव व्हिन्क्रिस्टिन. ते सदाफुलीपासून मिळतं, तीच गुलाबी-पांढरी सदाफुली जी कोकणात जांभ्याच्या गडग्याच्या फटीतही उगवते. माणसांसाठी हे औषध अमेरिकेत १९६३ मध्ये मंजूर झालं आणि मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये आजही वापरतात. कुत्र्याला आठवड्यातून एक इंजेक्शन, साधारण चार ते सहा आठवडे. बहुतेक गाठी पूर्ण जातात.

कोणी सदाफुलीचा पाला वाटून कुत्र्याला चारायला निघण्याआधी सांगतो: झाड विषारी आहे. औषध त्यातून फार थोड्या, मोजलेल्या मात्रेत वेगळं काढावं लागतं, आणि तेही शिरेतच द्यावं लागतं. शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस सडतं. पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून मध्ये रक्त तपासतात. उपचार चालू असताना कुत्र्याची शी-शू हातमोजे घालून साफ करावी आणि गरोदर बाईने त्यात हात घालू नये.

"कापून का टाकत नाहीत?" कारण नुसती कापलेली गाठ पुष्कळदा परत येते. "इतका खर्च भटक्यावर?" खरी अडचण पैशाची कमी आणि पकडण्याची जास्त असते. एकदा सुई खाल्लेला कुत्रा पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची गाडी लांबून ओळखतो. तो ज्याच्या हातचं रोज खातो, मग तो चहाची टपरीवाला असो की मासळी निवडणारी बाई, त्या माणसाला सोबत घेतल्याशिवाय सहा आठवडे पुरे होत नाहीत.

निदानही अवघड नाही. काचपट्टी गाठीवर टेकवून किंवा सुईने थोड्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. या पेशी गोल असतात आणि त्यांत बारीक पोकळ ठिपक्यांची रांग दिसते. ही तपासणी टाळू नये, कारण दिसतं ते सगळं टीव्हीटी नसतं. हुंगण्या-चाटण्यातून ही गाठ नाकातही होते आणि नाकातून रक्त येतं. पण कोकणात नाकातून रक्त येण्याचं फार नेहमीचं कारण म्हणजे गोचिडांपासून होणारा ताप. त्याचा इलाज पूर्ण वेगळा.

कुत्रीच्या सडांतली गाठ ही दुसरीच गोष्ट

ही गाठ संसर्गी नाही, ती तिच्या स्वतःच्याच पेशींची. कुत्र्यांत अशा गाठींपैकी साधारण निम्म्या कॅन्सरच्या निघतात. मांजरीत मात्र दहापैकी आठ-नऊ. त्यामुळे मांजरीच्या पोटाखाली लहानशी गाठ हाताला लागली तरी "बघू पुढच्या महिन्यात" म्हणण्याची सोय नसते.

इथे प्रतिबंध इलाजापेक्षा खूप पुढे आहे. १९६९ च्या एका गाजलेल्या अभ्यासात, शस्त्रक्रिया न झालेल्या कुत्रीच्या तुलनेत पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या कुत्रीचा धोका ०.५ टक्के, पहिल्या माजानंतर झालेलीचा ८ टक्के आणि दुसऱ्यानंतर झालेलीचा २६ टक्के निघाला. २०१२ मध्ये याविषयीचे अभ्यास पुन्हा तपासले गेले, तेव्हा पुरावा म्हणतात तितका भक्कम नाही असा निष्कर्ष निघाला. गोल्डन रिट्रीव्हरसारख्या मोठ्या जातींत फार लवकर नसबंदी केल्याने सांध्यांचे आणि काही वेगळ्या कॅन्सरचे प्रश्न वाढतात असंही दिसलं आहे. म्हणून घरातल्या मोठ्या जातीच्या कुत्रीसाठी वय डॉक्टरांशी बोलून ठरवावं. रस्त्यावरच्या गावठी कुत्रीच्या बाबतीत मला स्वतःला घोळ दिसत नाही. तिचा माज थांबला की पिल्लं थांबतात, सडांचा धोका कमी होतो आणि टीव्हीटीचा रस्ताही बंद होतो. ब्रिटनमध्ये एके काळी ही गाठ सर्रास होती. मोकाट कुत्र्यांवर नियंत्रण आलं तशी विसाव्या शतकात ती तिथून नाहीशी झाली.

माज पुढे ढकलण्यासाठी संप्रेरकाचं इंजेक्शन मारून घेणारेही आहेत. ते करू नये. त्याने सडांच्या गाठी आणि गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो.

पांढऱ्या मांजराचे कान

जेटीवर माशांच्या टोपल्यांभोवती घुटमळणारी मांजरं नीट बघा. ज्यांचे कान पांढरे आहेत त्यांच्या कानाच्या कडेला कधीकधी खपली दिसते. आठवडे गेले तरी ती भरत नाही, हळूहळू कड कुरतडल्यासारखी होते. भांडणातली जखम म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण त्वचेला रंग नाही, वर केस विरळ, आणि दिवसभर कोकणातलं ऊन. तिथे त्वचेचा कॅन्सर होतो, नाकाच्या शेंड्यावर आणि पापण्यांवरही. लवकर ओळखला तर कानाचा वरचा भाग कापून मांजर बरं होतं.

ऊन हेच कारण आहे हे टीव्हीटीनेही सांगितलं, तेही अनपेक्षितपणे. अतिनील किरणांनी डीएनएत होणारा बिघाड एका विशिष्ट नमुन्याचा असतो. २०१९ च्या त्या अभ्यासात विषुववृत्ताच्या जवळच्या देशांतल्या गाठींत हा नमुना जास्त सापडला, कारण गाठ शरीराबाहेर असते आणि तिच्यावर ऊन पडतं.

मांजरांच्या बाबतीत एक शंका आणखी येते: लस टोचल्या जागी गाठ होते म्हणे? होते, पण फार क्वचित, साधारण दहा हजारांत एखाद्या मांजराला. १९९१ मध्ये हे पहिल्यांदा मांडलं गेलं, आणि तेव्हापासून लस मांजराच्या पायात खाली टोचावी असं सुचवतात, म्हणजे गाठ झालीच तर काढता येते. रेबीज झालेलं मांजर वाचत नाही आणि चावलेला माणूसही वेळेत लस न मिळाल्यास वाचत नाही. त्यापुढे हा धोका कुठेच नाही.

"माणसांना उपचार मिळेनात, आणि कुत्र्यांवर संशोधन?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की या संशोधनाचा बराच भाग माणसासाठीच चालतो.

प्रयोगशाळेतल्या उंदराला कॅन्सर मुद्दाम दिलेला असतो आणि पुष्कळदा त्याची प्रतिकारशक्तीही काढून घेतलेली असते. म्हणून उंदरात लागू पडलेली कितीतरी औषधं माणसात फुकट जातात. कुत्र्याला कॅन्सर आपणहून होतो, म्हातारपणी होतो, आपल्याच घरात, आपल्याच हवा-पाण्यात होतो. कुत्र्याचं आयुष्य दहा-पंधरा वर्षांचं, त्यामुळे औषधाचा परिणाम लवकर कळतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने यासाठी २००३ मध्ये वेगळा कार्यक्रमच सुरू केला. त्यातली कुत्री पिंजऱ्यातली नसतात. ती कुणाच्या तरी घरची, आजारी पडलेली असतात आणि मालकाच्या संमतीने उपचाराला येतात.

हाडाच्या कॅन्सरचं उदाहरण घ्या. मोठ्या कुत्र्यांना होणारा हा कॅन्सर आणि वाढत्या वयातल्या मुलांना होणारा कॅन्सर यांत खूपच साम्य आहे. पाय कापून न टाकता फक्त आजारी हाड काढून तो वाचवण्याच्या शस्त्रक्रियेवर कोलोरॅडोच्या पशुवैद्यांनी १९८० च्या दशकात कुत्र्यांमध्ये जे काम केलं, त्याचा मुलांच्या शस्त्रक्रियांना उपयोग झाला. उलटही घडतं: २००९ मध्ये खास कुत्र्यांच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत मंजूर झालेलं पहिलं औषध, टोसेरानिब, हे माणसाच्या कॅन्सरवरच्या सुनिटिनिब या औषधाचं भावंड आहे.

२००५ मध्ये टाशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा संपूर्ण जनुकीय आराखडा छापला गेला आणि हे काम सोपं झालं. एकेका जातीत पिढ्यान् पिढ्या नात्यातच पैदास झाल्यामुळे विशिष्ट जातीला विशिष्ट कॅन्सर होतो, आणि दोषी जनुक शोधायला थोडीच कुत्री पुरतात. गावठी कुत्र्यात रक्त मिसळलेलं असतं, म्हणून असे जातीचे कॅन्सर त्याच्यात कमी. "गावठ्याला कॅन्सर होतच नाही" हे मात्र खोटं. तो बहुधा त्या वयापर्यंत पोचतच नाही.

कारखान्यांजवळ राहणाऱ्यांसाठी यात आणखी एक धागा आहे. रंगाच्या कारखान्यांतल्या कामगारांना मूत्राशयाचा कॅन्सर का होतो, हे कोडं सोडवताना त्यातलं एक रसायन, बीटा-नॅफ्थिलअमाइन, कुत्र्यांना दिलं गेलं, आणि त्यांना तोच कॅन्सर झाल्याचं १९३८ मध्ये दिसलं. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. पण कुत्रा जमिनीलगत हुंगत फिरतो, साचलेलं पाणी पितो आणि गाव सोडून नोकरीला मुंबईला जात नाही. २०१७ मध्ये तळोज्याजवळ कासाडी नदीकाठचे कुत्रे निळे पडले, तेव्हा नदीत काय सोडलं जातंय हे लोकांना कुत्र्यांच्या अंगावरून कळलं. तो रंग धुऊन निघाला आणि तो कॅन्सर नव्हता. पण लोट्यासारख्या रासायनिक वसाहतींभोवतीच्या कुत्र्यांच्या गाठींची कोणी वर्षानुवर्षं नोंद ठेवली, तर तिचा उपयोग तिथे राहणाऱ्या माणसांना होईल असं मला वाटतं.

नोंद म्हणजे फार काही लागत नाही. ५४६ गाठींचा तो अभ्यास उभा राहिला तो ४३ देशांतल्या पशुवैद्यांनी आपल्या टेबलावर आलेल्या गाठींचे तुकडे जपून पाठवल्यामुळे. आपल्याकडे शस्त्रक्रिया झाली की गाठ बादलीत जाते. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात कुत्रीची गाठ काढून घेणार असाल, तर आधीच सांगून ठेवा की तुकडा तपासणीला पाठवायचा आहे. तो १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, तुकड्याच्या दहापट द्रवात, रुंद तोंडाच्या बाटलीत. स्पिरिट किंवा मिठाचं पाणी चालत नाही, आणि बर्फात गोठवलेल्या तुकड्यातल्या पेशी फुटतात. बाटलीवर कुत्रीचं वय, गाठ कुठे होती आणि नसबंदी झाली आहे की नाही, एवढं लिहायचं.